एफीचं तळं

एफीच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाच्या घरी पाळणा हलणार, कुणाच्या कुत्र्यानं कुणाचं मूस हरणाचं मांस पळवलं, सगळं आधी तिच्याकडून कळायचं. एका गोष्टीबद्दल मात्र तिनं साऱ्या गावाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नदी गोठायच्या आधी ती जाळं घेऊन एकटीच रानात शिरे आणि पोतंभर पांढरे मासे घेऊन परते. कुठल्या तळ्यातले, ते विचारायची सोय नव्हती. माशांची बढाई मारली की मासे रुसतात, असं, तिला ते तळं दाखवणारी तिची आई सांगायची. आणि खरं सांगायचं तर नणंदेला, ऑगस्टाला, ते तळं कळू द्यायचं नव्हतं. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकीनं चहा केला की दुसरीला तो पांचट लागायचा.

त्या वर्षी सरकारशी करार व्हायचा होता. सरकारनं न विचारता घेतलेल्या मुलखातला थोडा भाग दूर उत्तरेतल्या युकॉनच्या या मूळ रहिवाशांच्या मालकीचा म्हणून कायमचा लिहिला जाणार होता. कुठला, ते गावानं नकाशावर दाखवायचं. एफीचा भाचा पर्सी सभागृहात नकाशा पसरून बसे. एफी रोज जाई, तव्यावरची जाड रोटी खाई, इतरांच्या जागांवर मतं देई आणि स्वतःच्या तळ्याबद्दल ब्र काढत नसे.

शेवटच्या दिवशी पर्सी म्हणाला, "इकडे वर एका शहरी माणसानं सरकारकडे जमीन मागितलीय. शिकारी पाहुण्यांसाठी बंगले बांधणार म्हणे."

त्याचं बोट कुठं टेकलंय ते पाहून एफीच्या कपातला चहा सांडला.

"तिथं माझं जाळं असतं," ती म्हणाली.

"मावशे, आत्ता सांगतेस? आपला वाटा भरला. एक जागा आत घ्यायची तर दुसरी बाहेर काढावी लागेल."

"जमीन आपली, आणि वाटा ते ठरवणार?"

"तेच तर वीस वर्षं भांडतोय."

 प्रत्येकाची एकेक जागा त्या कागदावर जीव मुठीत धरून बसली होती. एफी खाली बघत राहिली. बाईनं स्वतःच्या हट्टापायी आईचं तळं घालवलं होतं.

"माझा क्रॅनबेरी वेचायचा उतार काढ," कोपऱ्यातून ऑगस्टा म्हणाली. "गुडघे गेलेत माझे. चढवत नाही आता."

मागच्याच आठवड्यात ती दोन भरल्या बादल्या घेऊन, शीळ घालत तो उतार उतरताना एफीला दिसली होती. एफीला रडू आलं. तेही ऑगस्टासमोर, म्हणजे हद्दच झाली.

पर्सीनं एक रेघ खोडली, एक ओढली.

दोघी घरी निघाल्या. वाटेत एफी म्हणाली, "उद्या ये माझ्याबरोबर. तळ्याची वाट दाखवते."

"वाट ठाऊक आहे मला. तू आमच्या घरची झालीस ना, त्याच वर्षी तुझ्या मागं मागं आले होते."

एफी थांबलीच. "मग इतक्या वर्षांत कधी जाळं का नाही टाकलंस?"

ऑगस्टानं डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला.

"तू कधी बोलावलं नव्हतंस, वहिनी."