अंड्याचं विचारलं, बंदुकीचं राहिलं

मंडळी, आज दुपारी माझ्या लेकीने माझी विकेट काढली.

आठ वर्षांची ईरा पहिल्यांदाच वर्गमैत्रीण एमाच्या घरी खेळायला जाणार होती. मी एमाच्या आईला फोन करून आपली नेहमीची यादी वाचली. बीफ नको, केकमधलं अंडं चालेल, नुसतं अंडं नको.

फोन ठेवला तर ईरा म्हणते, "आई, यू आस्क्ड अबाउट एग्ज. यू डिडन्ट आस्क अबाउट गन्स."

कालच तिच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी शिरला तर वर्गात कसं लपायचं याचा सराव, झालं होतं.

असं कुणाच्या घराबद्दल कसं विचारायचं यार? तरी परत फोन लावला.

एमाची आई म्हणाली, "आहे, पण कुलुपात. विचारलंस ते बरं केलंस. शाळेत बंदूक येते ती कुणाच्या तरी घरातूनच ना!" बंदुका कुलुपात ठेवायची सक्ती करणारा कायदा व्हावा म्हणून ती मंगळवारी राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, विधिमंडळाच्या सुनावणीत बोलणार आहे. स्वतःकडे बंदूक असलेली बाई! "येतेस?"

आजवर प्रत्येक गोळीबारानंतर मी ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकून मोकळी व्हायचे. या वेळी सुट्टी टाकलीय.

अ‍ॅशबर्नकरांनो, गाडीत अजून तीन जागा आहेत. कोण येतंय?