तिसऱ्यांचे पाणी

गाडी घाट चढू लागली तेव्हा कंडक्टरने नाक मुरडून विचारले, "कुणी मासळी घेतलीय का?" मी पायाशी ठेवलेल्या थर्मासवर शाल टाकली आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. रुंद तोंडाच्या त्या थर्मासात बर्फ होता, बर्फात रोवलेला उकडलेल्या तिसऱ्यांचा (खाडीतल्या शिंपल्यांचा) डबा आणि त्यांच्या पाण्याची बाटली. असे सामान घेऊन कुणी बेंगळूरला जात नाही.

अण्णा, माझे थोरले भाऊ, दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या खाऊन गेले. आधी ओठांना मुंग्या, मग बोटे बधिर, मग श्वास. वहिनींचा उपास होता आणि मी वाचनालयात कामावर, त्यामुळे खाणारे ते एकटेच. गावाने निकाल लावला : नीट शिजवल्या नसतील. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून आमच्या घरात भाताचा लगदा होतो, भेंडी भेंडी म्हणून ओळखू येत नाही. मी मुकाट्याने जेवतो.

वाचनालयातल्या एका मासिकात बेंगळूरच्या संशोधक बाईंचा लेख सापडला, शिंपल्यांतल्या विषाबद्दलचा. मी पत्र टाकले. उत्तर चक्क मराठीत आले : "तुमच्या खाडीच्या तिसऱ्या बघायच्या आहेत. बर्फात घालून आणा. कच्च्याच."

कच्च्या तिसऱ्या वहिनींनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिल्या नाहीत. तासभर उकळल्या. पाणी मात्र ओतले नाही. तिसऱ्यांचे पाणी आमच्याकडे कुणी टाकत नाही. ते बाटलीत भरून देताना म्हणाल्या, "विचाराल ना त्यांना?" काय विचारायचे ते दोघांनाही ठाऊक होते.

बेंगळूरला सकाळी उतरलो. हवा गार होती आणि रस्त्यांवर मोठाल्या झाडांची सावली. इथे रिक्षावाल्यापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना 'अण्णा' म्हणतात. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी नुसतेच "राजाजीनगर" म्हणालो.

रिक्षावाल्याने थर्मासकडे पाहिले. "एनु सार, मीनु?" (काय साहेब, मासे?)

मी मान हलवली.

"इथं समुद्र नाही म्हणून घरून आणलात होय!" तो हिंदीत म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. मी जेवलो नाही हे कळल्यावर त्याने वाटेत एका खानावळीपाशी रिक्षा उभी केली. तिथे चित्रान्न (लिंबू पिळलेला फोडणीचा भात) खाल्ले. शीत न् शीत मोकळे. मी दुसरी बशी मागवली आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटली.

प्रयोगशाळा एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला होती. बाईंना सगळे गिरिजाक्का म्हणत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आलेले. मराठी घरात टिकलेली, मध्ये मध्ये कन्नड.

"बसा अण्णा," त्या म्हणाल्या.

मी क्षणभर उभाच राहिलो, मग बसलो.

डबा उघडून त्या खो खो हसल्या. "कच्च्या आणा म्हटलं, तर शिजवून आणल्या! मला जेवण घालता काय? आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा नाही."

मी ओशाळून वहिनींचे सांगितले आणि बाटली पुढे केली. त्यांचे हसू थांबले.

"पाणी टाकलं नाही? सरी (ठीक), मग चालेल. असलं विष पाण्यात उतरतं. वहिनींनी सगळंच पाठवलंय."

त्यांनी तिसऱ्या वाटल्या, त्यात ते पाणी आणि थोडे आम्ल घातले आणि चंचुपात्र शेगडीवर ठेवले. ते खदखदू लागले.

"हे कशाला उकळता?" मी विचारले.

"विष काढायला. आमची रीतच ही आहे."

"उकळल्यावर विष जात नाही?"

"गेलं असतं तर मी इथं काय करत बसले असते?" त्यांनी शीतपेटीतून एक छोटी कुपी काढली. "हे दुसऱ्या किनाऱ्याचं. असंच उकळून काढलेलं. समुद्रात कधी कधी बारीक विषारी शेवाळ माजतं, तिसऱ्या ते खातात. त्यांना काही होत नाही. वास तोच, चव तीच. शिजवणाऱ्याला कळायला वाटच नाही."

दोन पांढरे उंदीर होते. एकाला आमच्या खाडीतले टोचले, दुसऱ्याला कुपीतले. आमचा उंदीर थोड्या वेळाने मिशा साफ करू लागला. दुसरा धापा टाकू लागला. "स्वल्प (जरा) दुसरीकडे बघा," अक्का म्हणाल्या. मी मान वळवली नाही. अण्णांच्या वेळी मी नव्हतो.

तो निपचित पडल्यावर मी विचारले, "माझ्या वहिनींनी आणखी उकळलं असतं तर?"

"अण्णा, घरच्या चुलीवर ते जात नाही. किती का उकळेना. सांगा त्यांना."

मी ते लिहून मागितले. त्यांनी लिहून दिले, खाली सही केली. निघताना रिक्षाला हात केला तेव्हा "अण्णा" ही हाक आपोआप आली.

घरी पोहोचल्यावर वहिनींना सगळे सांगितले. खदखदणारे चंचुपात्र, कुपी, दोन्ही उंदीर. कागद त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे त्या स्वतःच उकळतात?"

"हो. आम्ल घालून."

त्या उठून आत गेल्या. मी हातपाय धुऊन ओटीवर पुस्तक घेऊन बसलो, पण वाचले काहीच नाही. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला, आणि नेहमीपेक्षा बराच लवकर हाक आली.

पान वाढलेले होते. भात मोकळा होता.