तारा ऐकणारा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. कतारमधल्या पाच दिवसांच्या सायकल शर्यतीत मदतीच्या गाड्यांचं सगळं नियोजन माझ्याकडे असतं. माझ्या गाडीतला मेकॅनिक वसईचा, दहावी नापास. चाक कानाशी धरतो, एकेक तार नखाने छेडतो आणि म्हणतो, "ही रडतेय." मग चावीचा अर्धा पीळ देतो. "खलास!" परदेशी खेळाडू माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघतही नाहीत, त्याला मात्र लांबून नावाने हाका मारतात. माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी वाळवंटातल्या आडव्या वाऱ्यात सगळ्यात पुढच्या खेळाडूचं चाक पंक्चर झालं. मी आणि मेकॅनिक त्याच्या मागच्याच गाडीत होतो. मी सीटबेल्ट सोडेपर्यंत याने चाक बदललं आणि सायकलच्या सीटला हात लावून, धावत त्याला ढकललंसुद्धा. त्या दिवसाचा टप्पा तोच खेळाडू जिंकला. आपली पाण्याची बाटली त्याने सही करून याच्या हातात ठेवली.

याने ती माझ्यापुढे धरली. "सर, तुमच्या मुलीला न्या. माझ्याकडे ढीग पडलाय."

घरी मुलीने डोळे मोठे केले. "बाबा, विनरने दिली? टू यू?"

"मग काय," मी म्हणालो, "मलाच."