भिंती वितळत नाहीत

आमचे हे इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात कारकून. दिवसभर जुने केसपेपर फायलींत लावायचे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून कथा लिहायच्या, हा ह्यांचा वीस वर्षांचा क्रम. आमटी गार होतेय म्हटलं तरी "थांब, वाक्य चाललंय" म्हणणारा माणूस. कथेची पक्की प्रत मी काढते, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाच वाचता येत नाही.

या वर्षी ह्यांनी नशेतल्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली. तीही त्याच्याच तोंडून, 'मी' म्हणून. मी म्हटलं, "खोकल्याच्या औषधानं तुम्हाला गरगरतं, तुम्ही कसली डोंबलाची नशा लिहिणार?"

पण ही गोष्ट कुठून आली ते मला ठाऊक होतं. धाकटे भाऊजी पूर्वी नशेच्या गोळ्या घ्यायचे. त्या दिवसांत एका दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात पडल्या. घरात फक्त भाऊजी होते. आम्ही दोघं कामावरून आलो तेव्हा सगळं संपलं होतं. सासूबाईंनी हाक मारली होती का, भाऊजींनी ती ऐकली होती का, हे ह्यांनी कधी विचारलं नाही. गोळ्या सुटून आता चार वर्षं झाली. दर रविवारी भाऊजी जेवायला येतात आणि दोघं भाऊ हवापाण्याच्या गप्पा मारतात.

गोष्टीत मात्र ह्यांनी भलताच घोळ घातला. कारकुनी डोकं! केसपेपरांत वीस रुग्णांनी जे जे सांगितलेलं, ते सगळं एकट्या नायकाच्या माथी मारलं. त्याच्या भिंती वितळतात, पंख्याला डोळे फुटतात, अंगावर मुंग्या चढतात, कानात घंटा वाजतात. बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही फुरसत नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी ते कागद भाऊजींपुढे सरकवले. मला रागच आला. विचारायचंय तर तोंडानं विचारा की!

भाऊजी वाचता वाचता हसायला लागले. "दादा, हा दुसऱ्या पानावरच मरेल. एका गोळीनं झोप येते, दुसरीनं उडते. तू त्याला सगळंच एकदम चारलंस."

"मग कसं असतं?" ह्यांनी विचारलं.

भाऊजींनी कागदांच्या कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

"काही वितळत नाही रे. सगळं नेहमीसारखंच दिसतं. आईनं हाक मारली. मी 'आलो' म्हटलं. उठलो, तिला धरून बसवलं, पाणी पाजलं, अंगावर पांघरूण टाकलं. मग परत येऊन खुर्चीत बसलो. बरं वाटलं, वेळेवर गेलो म्हणून."

"पण ती तर..."

"खुर्चीतून उठलोच नव्हतो मी. तू आलास, ओरडलास, तेव्हा कळलं. पाण्याचा पेला फळीवर होता. कोरडा."

चार वर्षं मी भाऊजींना वाढत होते आणि मनातून त्यांना माफ केलं नव्हतं. आता करावं की नाही, तेही कळेना.

ह्यांनी आधीच्या सगळ्या पानांवर आडव्या रेघा मारल्या आणि कोरा कागद घेतला. "पुन्हा सांग. कोणत्या हातानं धरलंस?"

"उजव्या."

"पाणी किती प्यायली?"

"अर्धा पेला."

इस्पितळात नोंद करावी तसं हे एकेक लिहून घेत होते. उठलो. धरलं. पाजलं. भाऊजी न अडखळता सांगत होते. पांघरुणाचा रंगसुद्धा त्यांनी सांगितला. शेवटी ह्यांचं पेन थांबलं.

"आणि मग मी घरी येतो. तिथं काय लिहू?"

"तू यायच्या आधीच थांबव दादा," भाऊजी म्हणाले. "तोवर ती बरी असते."