साहेबांच्या नावाचा सर्व्हर

साखर कारखान्याची निवडणूक होऊन पॅनेल बदललं की पहिल्या आठवड्यात काय होतं ते बीड जिल्ह्यात कुणालाही विचारा. पाट्या उतरतात. अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारावरचं नाव खरवडून काढतात, पाण्याच्या टँकरला नवा रंग लागतो, गेस्ट हाउसमधले फोटो पोत्यात भरून गोडाऊनला जातात. मी तेव्हा अशाच एका सहकारी कारखान्याच्या संगणक विभागात नोकरीला होतो. नवे लोक आले तेव्हा मला वाटलं, आपल्या खोलीत पुसण्यासारखं काही नाही. एक एसी, एक सर्व्हर आणि वायरींचं जाळं. पण सर्व्हरला नाव होतं, आणि ते जुन्या अध्यक्षांच्या वडिलांचं होतं.

ते मीच दिलेलं होतं, वरून आलेल्या हुकमानुसार. सर्व्हर बसवला त्या दिवशी नारळ फोडून झाल्यावर जुने अध्यक्ष म्हणाले होते, "आमच्या आण्णांचं नाव द्या." मी दिलं. मशीनला कुणाचं नाव आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं. त्याला आकडा लागतो. माणसाच्या सोयीसाठी आपण नाव लिहितो आणि सर्व्हरवरचा एक प्रोग्राम, ज्याला डीएनएस म्हणतात, तो विचारणाऱ्याला त्या नावाचा आकडा सांगतो. ऑफिसातली सगळी मशीनं, वजनकाट्यावरचं, शेतकी विभागातलं, लेखा विभागातलं, सकाळी चालू झाली की आण्णांचं नाव घेऊन सर्व्हर कुठं आहे ते विचारायची. त्यांच्या प्रोग्राममध्येच ते नाव लिहिलेलं होतं.

नव्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, संगणक विभागाचं प्रमुखपद आपल्या मेहुण्याला दिलं. त्याला सगळे मामा म्हणायचे, साहेबांच्या मुलांचा मामा म्हणून. वयानं मोठे शिपाईसुद्धा. मामांचं शिक्षण काय, हे कुणी विचारत नव्हतं. पूर्वी त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं म्हणे. त्या कामात माणूस चोख असेल तर मी त्याला मान देईन. पण दुकानही बंद पडलेलं होतं.

आठवडाभरात मामा माझ्या टेबलाशी आले. "हे मशीन सुरू करताना जुन्या अध्यक्षाच्या बापाचं नाव येतंय म्हणं?"

"येतं."

"कावून?"

मी समजावून सांगितलं. हेही सांगितलं की बदलायचं असेल तर बदलू, पण जुनं नाव आतून काही दिवस तसंच ठेवू. दोन्ही नावांना आकडा एकच. मग सवडीनं एकेका प्रोग्राममध्ये नवं नाव घालू आणि शेवटी जुनं काढून टाकू. मामांनी सगळं ऐकलं, म्हणजे मी थांबेपर्यंत ते उभे राहिले.

"साहेबांचं नुसतं नाव लिहू नका," ते म्हणाले. "पुढं साहेब लावा."

पुढच्याच आठवड्यात बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी आष्टीला घरी गेलो. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. कारखान्यातून टाइमकीपर बोलत होता. काटा बंद आहे, ऑफिस बंद आहे, ताबडतोब निघा, मांजरसुंब्याला जीप थांबेल. मी जामखेडवरून एसटीनं मांजरसुंब्याला उतरलो तेव्हा दुपार टळत आली होती. जीप होती. जीपमध्ये कुणी नव्हतं. मामा धाब्यावर बाजेवर बसून मटण खात होते आणि त्यांच्या समोर गळ्यात टाय बांधलेला एक माणूस होता. हे पुण्याचे एक्स्पर्ट, कालपासून बीडलाच कामाला आलेले होते, असं मामांनी सांगितलं.

"बसा, जेवून घ्या. मग जाऊ."

"काट्यावर गाड्या उभ्या आहेत ना?"

"हायेत की. त्या कुठं पळून चालल्या?"

मी जेवलो नाही. उभ्याउभ्या विचारलं, नेमकं काय केलं? मामा हाड चोखत म्हणाले, काही नाही, नाव बदललं. स्वतः? स्वतः. साहेबांच्या नावाला साहेब जोडून. आणि जुनं? "पुसून टाकलं. मुळासकट." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी आजही विसरलेलो नाही. माणसाला एवढ्याशा गोष्टीत एवढा आनंद होऊ शकतो, याची मला तेव्हा किळस आली.

एक्स्पर्टनं आपलं निदान सांगितलं. आधी त्याला वायर खराब वाटली, म्हणून वायरी बदलल्या. मग सगळ्या वायरी जोडायचा डबा, म्हणजे हब, बदलला. मग काट्यावरच्या मशीनचं नेटवर्क कार्ड बदललं. आता त्याचं ठाम मत होतं की कारखान्याचं अर्थिंग कमजोर आहे. सर्व्हर रूमच्या मागं खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरायला त्यानं दोन गडी लावले होते.

"सर्व्हरला आकड्यानं हाक मारून बघितली का?" मी विचारलं.

"म्हणजे पिंग? ते बेसिक आहे हो," तो म्हणाला. म्हणजे बघितली नव्हती.

कारखान्याच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग थेट डांबरी सडकेपर्यंत आलेली होती. बैल सोडून गाड्यांच्या सावलीला बांधलेले. ऊसतोडीवाल्या बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. तोडलेला ऊस उन्हात वाळत होता. ऊस वाळला की वजन घटतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक बाई जीपला आडवी आली. "सकाळधरनं बसलोय. जनावराला पानी न्हाई, आमाला कोन काय सांगत न्हाई." मामांनी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितलं.

हातानं पावती लिहून काटा चालवता आला असता. पूर्वी तसाच चालायचा. पण हातच्या पावत्यांत काटा मारला जातो, वजन कमी लिहिलं जातं, असं ओरडून हे पॅनेल निवडून आलं होतं, म्हणून हातची पावती बंद. स्वतःच्या भाषणाला ते घाबरत होते. बाकी कुणाला घाबरत नव्हते.

काट्याच्या खोलीत मी मशीनवर आधी सर्व्हरचा आकडा टाकला. उत्तर ताबडतोब आलं. म्हणजे वायर ठीक, हब ठीक, कार्ड ठीक, सर्व्हर जिवंत. मिठाचा खड्डा फुकट. मग आण्णांचं नाव टाकलं. अशा नावाचं कुणी नाही, असं उत्तर आलं. यात शोधण्यासारखं एवढंच होतं. एक्स्पर्ट माझ्या मागं उभा होता. त्यानं टाय सैल केला आणि बाहेर जाऊन सिगारेट पेटवली.

"जुनं नाव आतून परत घालावं लागेल," मी मामांना म्हणालो. "बाहेर कुठंच दिसणार नाही."

"न्हाई."

"मामा, बाहेर गाड्या..."

"न्हाई म्हणलं ना. त्या माणसाच्या बापाचं नाव ह्या कारखान्यात ऱ्हाणार न्हाई. आतून बी न्हाई अन् भाईरून बी न्हाई. दुसरं काय करायचं ते करा."

मी बरं म्हणालो. सर्व्हर रूममध्ये गेलो, मामा सोबत आले, शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या देखत मी आण्णांचं नाव अक्षर न् अक्षर टाईप केलं आणि नव्या नावाला जोडून दिलं. मामांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. पण ते स्क्रीन बघत नव्हते. ते माझं तोंड बघत होते, मी त्यांना भितो की नाही हे ताडायला. दहा मिनिटांत काटा सुरू झाला. पहिली गाडी काट्यावर चढली तसा बाहेर गलका झाला. मामा खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि आपल्याच नावाचा जयजयकार होत असावा अशी त्यांनी मान हलवली. बायका शिव्या देत होत्या.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं तर मी ते लिहिलं नसतं.

लेखा विभागात एक बाई होत्या. नवरा वारलेला, त्याच्या जागेवर लागलेल्या, बोलायला फटकळ, कामाला चोख. त्यांचं मशीन जुनं होतं आणि नाव विचारताना सारखं अडकायचं, म्हणून मी काही महिन्यांपूर्वी सर्व्हरचं नाव आणि आकडा त्या मशीनच्या आतच लिहून ठेवला होता. त्याला कुणाला विचारायची गरजच उरली नव्हती. सगळं ऑफिस बंद पडलं त्या दिवशी बाईंचं मशीन दिवसभर चालू होतं. मामांनी त्यावरून निष्कर्ष काढला. सगळ्यांचं बंद आणि हिचंच चालू, म्हणजे हिला आधीच माहीत होतं. म्हणजे हे जुन्या पॅनेलचं कारस्थान. आणि हिचा दीर त्यांचा पोलिंग एजंट होताच. संध्याकाळी मी काट्यावरून ऑफिसात आलो तेव्हा बाईंच्या हातात बदलीचा आदेश होता. चकलांब्याचं गट ऑफिस, कारखान्याच्या हद्दीच्या पार टोकाला.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मशीन का चालू राहिलं ते सांगितलं. हे मी केलेलं आहे, बाईंना त्यातलं काही माहीत नाही, पाहिजे तर आत्ता दाखवतो, असं म्हणालो. साहेब पान लावत होते.

"म्हंजे तिचं मशीन तुमी चालू ठिवलं."

"हो, पण निवडणुकीच्या आधी. मशीन जुनं म्हणून."

"मंग ते बंद कावून पडलं न्हाई?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पान तोंडात घातलं. "तुमचं खरं असंल," ते म्हणाले. "पर आर्डर निघाली. आता मागं घेतली तर आमचं चुकलं असं व्हतंय. बघू फुडं."

त्यांना माझं पटलं होतं. ते मूर्ख नव्हते, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावरचा राग मामांवरच्या रागापेक्षा मोठा आहे. मामांना कळत नव्हतं. साहेबांना कळलं, आणि तरी एका बाईनं रोज एसटीनं धुळीतून तासन् तास जावं, हे त्यांना आपलं चुकलं म्हणण्यापेक्षा सोपं वाटलं.

बाई दुसऱ्या दिवशी चकलांब्याला हजर झाल्या.

हंगाम संपता संपता साहेबांचा वाढदिवस आला. जिल्ह्यातले पुढारी येणार होते, त्यांना संगणक विभाग दाखवायचा होता. मामांच्या डोक्यात आलं की प्रत्येक मशीन सुरू केलं की साहेबांचं नाव यावं आणि मागं त्यांचा फोटो. नाव बदलायला ते पुन्हा स्वतः बसले नाहीत, एवढी अक्कल त्यांना आली होती. ते माझ्याकडे आले.

"करतो," मी म्हणालो. "पण बाईंची बदली आधी रद्द करा."

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"काही नाही. तुमच्या पुण्याच्या एक्स्पर्टला बोलवा, तो करून देईल."

मामा तोंडातल्या तोंडात शिवी देऊन गेले. दोन दिवस तसेच गेले. मला नोकरीवरून काढतील असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. प्रशासकीय सोयीसाठी बाईंना मुख्य कार्यालयात परत घेण्यात येत आहे. खरेपणानं जे हललं नव्हतं ते फोटोच्या हौसेनं हललं. मी सगळ्या मशीनवर फोटो लावले. त्यात साहेबांनी गॉगल घातलेला होता.

बाई परत आल्या त्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. मला वाटलं होतं, दोन बरे शब्द बोलतील.

"परत आले ते ही खुर्ची माझी हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमी उपकार केला असं गावभर सांगत फिरू नका."

"नाही सांगत."

"आन् माझ्या मशीनमंदी ते काय लिवलंय ते काढून टाका. सगळ्यांचं बंद पडलं की माझं बी पडू द्या."

मी काढून टाकलं. मशीन पुन्हा पूर्वीसारखं अडकायला लागलं. अडकलं की बाई हात बांधून बसायच्या, आणि कुणी साहेब समोरून गेला तर त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "बंद हाय वो, सगळ्यांसारखंच बंद हाय."

पुढच्या दिवाळीनंतर मला नगरला एका बँकेत काम मिळालं. राजीनामा दिला तेव्हा मामांनी माझ्यासाठी निरोप समारंभ ठेवला. शाल दिली आणि भाषण केलं. काटा बंद पडला तेव्हा आपण दोघांनी मिळून कसा रात्रंदिवस खपून चालू केला, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो आणि शाल जाताना टाइमकीपरला देऊन टाकली.

मामा पुढं संचालक झाले.