समुद्र दाखवणारं कार्ड

माझ्या साडूंइतका चोखंदळ माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि जिल्ह्याच्या प्रकृतीला ते बरंच आहे. लोणारला आभाळातून जो दगड पडला, तो नेमका कुठे पाडायचा हे ठरवायचं काम साडूंकडे असतं, तर तो दगड आजही वर घिरट्या घालत असता आणि साडू खाली थेट जालन्यापर्यंत जमिनी बघत हिंडत असते. चिखलीत त्यांचं कृषी केंद्र आहे. बीटी कापूस आल्यापासून दर मे-जूनमध्ये दुकानापुढे गर्दी होते आणि प्रत्येकाला त्या वर्षी गावभर बोलबाला असलेलं एकच पाकीट हवं असतं. साडू प्रत्येकाला सांगतात, "पाकिटावरचं बोंड पाहू नको बे. ते छापखान्यात पिकलेलं हाय. ज्यानं मागच्या साली लावलं त्याच्या वावरात जाय, उभं राह्य, अन् मंग ये." याला त्यांच्या धंद्यात प्लॉट पाहणं म्हणतात. बाकीचे दुकानदार बियाण्यापुरता प्लॉट पाहतात. साडूंनी या पद्धतीने फ्रिज घेतला. ज्यांच्याकडे त्या कंपनीचा फ्रिज होता, अशा घरांत जाऊन, दार उघडून, आतल्या वाटी-वाटीकडे पाहत ते उभे राहिले. एका घरी ते इतका वेळ उभे राहिले की त्या बाईंचं विरजण बिघडलं. चपलेसाठी त्यांनी एका लग्नात वरपक्षाच्या अनोळखी माणसाला मांडवात चार वेळा मागेपुढे चालायला लावलं होतं. तो माणूस चालला. साडूंच्या आवाजात असं काही असतं की माणूस चालतो.

आयुष्यात एकच सौदा त्यांनी प्लॉट न पाहता केला, तो म्हणजे एकुलत्या एक लेकीचं लग्न. मुलगा मेहकरकडचा. त्याचं घर त्यांनी पाहिलं, विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं, शेजाऱ्यांबद्दल पलीकडच्या शेजाऱ्यांना विचारलं. सगळं उत्तम होतं. फक्त मुलगा नोकरीला मस्कतला होता आणि मस्कतला बस जात नव्हती. लेक गेली. त्यानंतर कुणी विचारलं, की पोरगी कशी आहे, तर साडू म्हणायचे, "चांगली हाय म्हणते." या "म्हणते"वर ते जरा थांबायचे.

मग लेकीला दिवस गेल्याची बातमी आली आणि पाठोपाठ जावयाने दोघांना तिकडे बोलावलं. बाळंतपण जूनमध्ये होतं, म्हणजे हाताशी बरेच महिने होते. त्याच संध्याकाळी साडूंनी आम्हा सगळ्यांना जमवून जाहीर केलं, की कुंदाला विमानाचं फार भेव वाटतं आणि ते आधी काढावं लागेल. कुंदा म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी मेहुणी. ती तेव्हा स्वयंपाकघरात वांगी भाजत होती. तिला विमानाचं भेव वाटतं ही गोष्ट आम्हा सगळ्यांबरोबर तिलाही तेव्हाच कळली. तिने बाहेर डोकावून नवऱ्याकडे पाहिलं आणि वांगं उलटं केलं.

लेकीचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरात पडून होता. त्यावर विमान चालवायचा एक प्रोग्राम तिनेच कधीतरी बापाला दाखवला होता. तो साडूंनी पुन्हा सुरू केला. कुणी त्याला गेम म्हटलं तर ते दुरुस्त करायचे, "सराव." दुकानामागच्या खोलीत, खताच्या पोत्यांच्या सोबतीने, सराव सुरू झाला. महिनाभरात ते मुंबईहून उडून मस्कतला व्यवस्थित उतरू लागले. कुंदाला शेजारी बसवायचे आणि सांगायचे, पाय आपट नको, विमान हलते. पण तो कॉम्प्युटर जुना, त्यामुळे मुंबईपासून मस्कतपर्यंत खाली निळी ताडपत्री अंथरल्यासारखी दिसायची. लाट नाही, चमक नाही, नुसती ताडपत्री. साडूंना हे पटलं नाही. ते मला म्हणाले, "साडूभाऊ, हा समुद्र बोगस हाय. अशानं तिचं भेव कसं जाईल?" कॉम्प्युटरच्या जाणकाराने सांगितलं, की यात ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल, चित्र काढायचं सगळं काम तेच करतं. आणि साडूंच्या आयुष्यातली सर्वात मोठी निवड सुरू झाली.

पहिली अडचण आली ती भाषेची. साडू दुकानात बसून ज्याला त्याला सांगू लागले, "कार्ड काढाचं हाय, समुद्रावर जायाले." आपल्याकडे कार्ड काढायचं म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो, सरकारी योजना. तिसऱ्या दिवशी शेजारचे रफीकभाई आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन हजर झाले. रफीकभाईंचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. गुलाबी बोंडअळीच्या कृपेने ते बारा महिने चालतं. त्यांनी विचारलं, "शेठ, विमानाचं कार्ड निघून राह्यलं म्हणे. आमच्या नावाचं निघते, का आमी बसत नाही त्याच्यात?" साडूंनी त्यांना समजावलं, की हे कार्ड यंत्राच्या आत बसतं. रफीकभाईंना वाटलं योजना बंद झाली असून हे गोड बोलून घालवतायत. त्यानंतर आठवडाभर लोक येत राहिले. एका म्हातारीने तर विचारलं, की विधवांना वेगळी खिडकी आहे का.

दुसरी पायरी अर्थातच प्लॉट पाहणी. ज्याच्या कॉम्प्युटरात चांगलं कार्ड आहे असं कळेल, त्याच्याकडे साडू जाऊ लागले, आणि साक्षीदार म्हणून मला नेऊ लागले. बुलढाण्यात घरांचे नकाशे काढणाऱ्या एका इंजिनिअरकडे आम्ही बसलो. वडनेर भोलजीत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारा एक पोरगा होता, त्याच्याकडे भारी कार्ड होतं. तिथे आम्ही एका अनोळखी कुटुंबाची हळद अथपासून इतिपर्यंत पाहिली. साडू पडद्याजवळ डोळे नेऊन हळदीचे दाणे मोजत होते. मग त्यांनी एकरी पीक विचारावं तसं विचारलं, "उतारा काय येते?" पोरगा चांगला होता, तो म्हणाला सेकंदाला साठ फ्रेम येतात. साडूंनी विचारलं, "कोरडवाहूत का बागायती?" पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी सांगितलं, की पंख्याशिवाय साठ येतात की पंखा लावून, असं ते विचारतायत. पोरगा म्हणाला, पंखा लावून. साडूंनी मान हलवली. बागायती साठ म्हणजे फार नाही, असं त्यांचं मत पडलं, आणि निघताना त्यांनी त्या नवरीला जमेल तेवढे आशीर्वाद दिले.

शेवटी वाण ठरला आणि आम्ही अकोल्याला गेलो. तिथला दुकानदार म्हणाला, मालाची टंचाई आहे, ते कार्ड सुटं मिळणार नाही. सोबत मॉनिटर आणि कीबोर्डही घ्यावा लागेल. मला वाटलं साडू आता दुकान डोक्यावर घेतील. पण त्यांचा चेहरा उजळला. मागणीचं पाकीट पाहिजे तर सोबत न खपणारी औषधाची बाटलीही घ्या, याला बियाण्याच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात, आणि साडूंनी ते आयुष्यभर मोठ्या प्रेमाने केलेलं आहे. आपली विद्या परमुलखात, वेगळ्या मालावर, इतक्या सफाईने चाललेली पाहून त्यांना भरून आलं. "लिंकिंग करता?" त्यांनी हळूच विचारलं. दुकानदार दचकला. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "करा. पण बाटली आधी दाखवाची नाई. गिऱ्हाईक पाकीट हातात घेते, मंग बाटली काढाची." मग त्यांनी मॉनिटर आणि कीबोर्ड दोन्ही विनातक्रार घेतले. असा गुरुमंत्र फुकट देऊन आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

घरी खोका उघडला तेव्हा आत कार्डाशेजारी ओल शोषणाऱ्या दाण्यांची छोटीशी पुडी होती. बीटीच्या पाकिटासोबतही एक छोटी पुडी येते, साध्या कपाशीची. ती वावराच्या काठाने लावायची असते, म्हणजे अळी तिकडे जाते. कुणी ती लावत नाही. साडू मात्र पहिल्यापासून त्याचे कट्टर आग्रही. त्यांनी ही पुडीही फेकू दिली नाही. "कंपनी येडी नाई," म्हणत ती कॉम्प्युटरच्या काठाला चिकटवली. मग कळलं की कार्ड लांब आहे आणि कॉम्प्युटरचा डबा आखूड. रफीकभाई पत्रा कापायची कात्री घेऊन आले, डब्याला खिडकी पाडली, आणि कार्ड चार बोटं बाहेर डोकावत ठेवून बसवलं. आता ते खरोखर काढलेलं कार्ड दिसत होतं.

आणि त्या दुपारी समुद्र हलला.

मी तिथेच होतो. मुंबईचा किनारा मागे गेला आणि खाली ताडपत्री नव्हती. पाणी होतं. लाटांच्या कडा चमकत होत्या, ढगांच्या सावल्या पाण्यावरून सरकत होत्या, आणि जिकडे पाहावं तिकडे, क्षितिजापर्यंत, दुसरं काहीही नव्हतं. रफीकभाई हळूच "या अल्ला" म्हणाले.  थोड्या वेळाने साडूंनी विमान वळवलं आणि परत मुंबईला उतरवलं. म्हणाले, इंजिनाचा आवाज बरा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी वारा बरा वाटला नाही. तिसऱ्या दिवशी ते बराच वेळ धावपट्टीवरच विमान उभं करून बसले आणि मग दुकानात गिऱ्हाईक आलं असेल म्हणून उठले. गिऱ्हाईक नव्हतं. इतक्या चिकित्सेने निवडलेलं कार्ड जिल्ह्यात एक नंबर निघालं होतं, आणि त्याने ताडपत्रीवरून बिनधास्त उडणारा माणूस जमिनीवर आणला होता.

मी कुंदाला म्हटलं, की तुझं भेव काढता काढता हे भलतंच झालं. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "भाऊजी, मले कायचं भेव? भेव त्याईले हाये. पोरीचं लगन ठरलं तवापासून हाये. मी म्हटलं, माह्या नावानं निघत असन तं निघू द्या." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "वाटलं होतं, जूनपर्यंत निघन."

ते निघालं नाही. जून जवळ आला तसा साडूंनी नवा मुद्दा काढला: पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्र बंद ठेवता येत नाही, मागच्या साली अळीने झोपवलेले लोक यंदा काय लावावं ते विचारायला येतील, त्यांना कोण सांगणार? हे खोटं नव्हतं, म्हणून कुणाला वाद घालता आला नाही. कुंदा एकटी निघाली. माझी बायको तिला मुंबईपर्यंत पोचवायला गेली. गाडी सुटताना साडूंनी खिडकीतून बायकोला एवढंच सांगितलं, की पाय आपट नको.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. मी सहज दुकानावर गेलो तर शटर अर्धं खाली. मागच्या खोलीत साडू इस्त्रीचा शर्ट खोचून, बूट घालून पडद्यापुढे बसलेले. रफीकभाईंनी आपल्या दुकानातला इन्व्हर्टर आणून जोडला होता, लाईट गेली तर मधेच पडायला नको म्हणून. मुंबईहून माझ्या बायकोचा फोन आला, की आत गेली. मग विमान सुटल्याचा आला. साडूंनी विमान चालवायचा दांडा पुढे केला.

किनारा मागे गेला. तेच पाणी, तीच चमक. साडूंच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "साडूभाऊ, वळवाचं तं वळवा. कोनी काही म्हणत नाही."

"कसं वळवू?" ते म्हणाले. "ती समोर हाये."

 बाहेर दोघे-तिघे बियाण्याला आले, त्यांना रफीकभाईंनी सांगितलं, शेठ समुद्रावर हायेत. ते शांतपणे पायरीवर बसून राहिले. रफीकभाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. इतका वेळ एखाद्या गोष्टीकडे पाहून साडूंनी काहीच मत दिलं नाही, असं मी प्रथमच पाहत होतो. पडद्यावर पाणी, पाणी, पाणी. आणि कधीतरी त्या पाण्याच्या टोकाला एक तपकिरी रेघ उगवली. ती वाढत गेली, तिचे डोंगर झाले. उघडे, भाजल्यासारखे डोंगर. साडू पुढे वाकले. एकही झुडूप सुटू नये अशा नजरेने ते पाहत होते.

"झाड नाई बे एक," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी विमान उतरवलं. मी विमानातला नाही, पण लाल डब्यातून उभं आयुष्य प्रवास केलेल्या माणसाला गाडी कशी टेकली ते कळतं. इतकं हळू टेकलं की कुणाचा पाय आपटला नसता. फिरवत फिरवत त्यांनी ते इमारतीपाशी नेऊन उभं केलं. थोड्या वेळाने फोन वाजला. कुंदा उतरली होती, जावई घ्यायला आला होता, लेक गाडीत बसून होती आणि तिच्या हातचं पाणी कुंदा प्यायली होती. साडूंनी सगळं ऐकून घेतलं. "मी बी आत्ताच," असं काहीतरी ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पायरीवरची माणसं वाट पाहत होती. मी म्हटलं, चला, लोक थांबलेत. साडू उठले नाहीत. समोर कार्डाने जीव ओतून काढलेलं मस्कतचं विमानतळ होतं. काचा झळकत होत्या, फरशीवर ऊन पडलं होतं, सावल्यासुद्धा नेमक्या होत्या. फक्त त्या प्रोग्राममध्ये माणसं नसतात. हे इतके महिने आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साडूंनी त्या रिकाम्या दारांवरून एकदा सावकाश नजर फिरवली.

"आलो तं खरा, साडूभाऊ," ते म्हणाले. "पण मले घ्यायले कोनीच नाही आलं."