हवा तर रोजच येती

निवृत्तीनंतर कुठं राहायचं हे माणसानं गुडघे शाबूत असताना ठरवावं आणि पाणी कुठं आहे ते बघून ठरवावं. आम्ही पहिली अट पाळली.

तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढल्यावर मला फक्त शांतता हवी होती. कन्नडच्या पुढं आडबाजूला, पावसानं यादीतून नाव खोडलेलं एक छोटं गाव आहे. तिथं घर बांधलं, शहरात उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटला कुलूप लावलं आणि आम्ही नवराबायको राहायला गेलो. गावाची सुखं थोडीथोडकी नाहीत. दोरीवर साडी घालताना दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. पापड सकाळी लाटले की दुपारी डब्यात. गुडघे दुखत नाहीत, मिठाला पाणी सुटत नाही (नळालाही सुटत नाही, पण ते पुढं येईल). आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, शकूताई, इथून गाडीनं दीड तासावर राहायच्या.

शकूताई गावाला 'वाळवंट' म्हणत. फ्लॅटची किल्ली त्यांनी स्वतःकडं ठेवून घेतली होती आणि भाडेकरू म्हणून जो येईल त्याला त्या परत पाठवत. "दिवाळीच्या आत परत येणार आहात तुम्ही. तेव्हा कुठं राहाल?" आमच्या यांचंही मन तसं डळमळीतच होतं. क्रांती चौकातला संध्याकाळचा चहा आठवला की हे रस्त्याकडं बघत बसत, आणि रस्त्यावर बघायला फक्त शेळ्या. तेव्हा मी ठरवलं की एका रविवारी शकूताईंना सहकुटुंब जेवायला बोलवायचं, सोबत गल्लीतल्या बायका, त्यांची पोरंबाळंही, आणि सुखानं राहणं म्हणजे काय ते दाखवून किल्ली परत घ्यायची. जेवण बिघडलं तर मात्र आमचं सामान पुन्हा टेम्पोत चढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पाण्याची मला चिंता नव्हती. उस्मानपुऱ्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यावर मी संसार केलेला आहे. दोन ड्रम, एक टाकी, चार हंडे आणि बादल्या, सगळं काठोकाठ भरून झाकून ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी चार वाजता अंगणातला नळ फसफसला. त्याची जोडणी आदल्याच दिवशी मिळाली होती, तोवर आम्ही टँकरवर. आधी फुस्स, मग गुळगुळ, मग पुन्हा लांबलचक फुस्स. हा आवाज मी झोपेतही ओळखते. उस्मानपुऱ्यात असा आवाज आला की दहाव्या मिनिटाला पाणी. आणि नवं पाणी येणार असलं की शिळं पाणी ओतून, भांडी घासून मगच भरायचं, हा आमच्या घरचा कायदा. (लग्न होऊन आले तेव्हा शकूताईंनीच तो मला शिकवला. पुढं दवाखान्यानं त्यावर शिक्का मारला.)

"अहो, ड्रम ओता."

"अगं, आधी नवं येऊ दे की."

"उद्या चाळीस माणसं जेवणार, त्यांना आठ दिवसांचं पाणी पाजू? ओता."

छत्तीस वर्षांचा संसार, त्यामुळं त्यांनी ओतलं. कडुलिंबाला एक ड्रम, शेवग्याला एक ड्रम. टाकीच्या पाण्यानं अंगण धुतलं. हंडे मी स्वतः चिंचेनं घासले, आरशासारखे लखलखीत. मग आम्ही दोघं रिकाम्या भांड्यांच्या मधोमध उभे राहून नळाकडं बघू लागलो. नळानं आणखी दोनदा फुस्स केलं, तांबूस पाणी पेलाभर ओकलं आणि तो थंड पडला.

तेवढ्यात शेजारच्या गयाबाई कुंपणापाशी आल्या. त्यांनी आमच्या अंगणातला चिखल नीट बघून घेतला.

"टँकर पलटी झाला का काय, सिस्टर?"

मी म्हटलं, नळ आला म्हणून जुनं पाणी ओतलं.

"नळ कुठं आला? ती तर नुसती हवा. हवा तर रोजच येती. पाणी मंगळवारी."

"मग फसफसतो कशाला?"

"खालच्या आळीत सोडलं की वर हवा येती. लई वर्षं झाली."

टँकरवाल्याला फोन केला. उद्या दाट लग्नतिथी, तेव्हा सगळे टँकर नवऱ्यांकडं. दुसऱ्याला केला, त्याचाही टँकर लग्नात. हे म्हणाले, "शकूताईला सांगू का, येताना पाण्याचे जार आणायला?" चेहरा गंभीर होता, पण आवाजात मला क्रांती चौकातला चहा ऐकू आला. मी म्हटलं, त्यापेक्षा मी रडून भरीन.

शेवटी अहंकार गिळला आणि गयाबाईंकडं दोन घागरी पाणी मागायला गेले. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत्ता कशाला नेता? उद्या येतोच की आम्ही जेवायला."

मी घरी आले ती धुमसत. जेवायला येणार म्हणे, आणि पाणी मात्र नाही! तरी या गल्लीला नुसतं घ्यायचंच ठाऊक, अशी मला आधीच शंका आली होती. गयाबाईंच्या नातीच्या बारशाला मी छानसं झबलं घेऊन गेले, तर जमलेल्या सगळ्या बायका झबलं सोडून माझ्या दुसऱ्या हाताकडं बघत होत्या. सगळ्यांसोबत हंडे होते. मला वाटलं, बारसं उरकून पाण्याला जायच्या असतील.

रविवारी फिल्टरमधलं आणि देवघरातल्या तांब्यातलं पाणी काढून मी वरण-भाताचं कसंबसं भागवलं. वांग्याची भाजी तेलावरच परतली. पुऱ्यांचं पीठ दुधात भिजवलं. पण चाळीस माणसं जेवताना पिणार काय आणि हात कशानं धुणार? भाषण तयार ठेवलं : शकूताई, तुमचं बरोबर होतं. तीन वेळा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा घशात अडकलं.

अकरा वाजता शकूताईंची गाडी दारात थांबली. आणि त्याच वेळी गल्लीच्या टोकाकडून बायकांची रांग आली. पुढं गयाबाई, मागं बाराजणी, प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेला हंडा, उन्हात चमचमणारा.

गयाबाईंनी माझ्याजवळ येऊन हंडा उतरवला आणि हळूच म्हणाल्या, "दुसऱ्याकडं जेवायला जाताना आपलं पाणी आपण न्यायचं. उन्हाळ्याची पद्धतच हाय आमची. तुम्ही बारशाला झबलं घेऊन आल्या, म्या म्हणलं, शहरातल्या हायेत, शिकतील."

माझ्या घशातलं भाषण आपोआप खाली गेलं. इकडं शकूताई गाडीतून उतरून जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. समोर बारा-तेरा भरले हंडे, नव्या साड्या, धुतलेलं अंगण. गयाबाईंनी उन्हातून आलेली पाहुणी बघितली आणि तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर घातलं. शकूताईंनी डोळ्याला पदर लावला.

"मंदा, माझ्यासाठी एवढं? अगं, सासरी चाळीस वर्षांत कुणी माझ्या पायावर पाणी घातलं नाही."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. यांनी माझ्याकडं बघितलं, मी किल्लीचा विचार केला आणि तोंड मिटलं.

किल्ली त्याच संध्याकाळी मिळाली. फ्लॅटला भाडेकरूही मिळाला. पण जाताना शकूताई गल्लीत एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, अशी माणसं शहरात शोधून सापडायची नाहीत. चार महिन्यांत त्यांनी आमच्या मागचा प्लॉट घेतला आणि वर्षभरात घरही बांधलं. आता त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उघडते. दीड तासाचं ते सुख मी स्वतः आमंत्रण देऊन घालवलं.

परवा दुपारी त्यांचा सारखा फोन येत होता आणि मला घेता येईना. शेवटी त्या खिडकीतूनच ओरडल्या, "मंदा, नळ फसफसला म्हणून सगळं शिळं पाणी ओतलं, आणि आता नुसती हवाच येतेय गं! तू इथं जुनी आहेस. मला आधी सांगायचं नाहीस का? फोन तरी उचलायचास."

कसा उचलणार? मी दोन्ही हातांनी माझा ड्रम घासत होते.